मावशींबरोबर प्रांत ऑफिसात : फेब्रुवारी ते ऑगस्ट

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका विधवा मावशींसाठी या वर्षी ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज केला. अर्ज त्यांचा, सही त्यांची, मी फक्त बरोबर होते. पण बरोबर असणं म्हणजे काय हे मला त्या पाच-सहा महिन्यांत कळलं आणि सुरुवातीला माझ्याकडून ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्या कोणाकडून होऊ नयेत म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. मावशींना विचारून लिहितेय. गाव, नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. उपासना संपली, सगळे एकमेकांना जय ख्रिस्त करत बाहेर पडले, आणि मावशी बाकावरच बसून. मी म्हटलं चला सोडते घरी. तर म्हणाल्या, मागची खोली उघडी ठेवता येईल का गं संध्याकाळपर्यंत? मला वाटलं बरं वाटत नसेल. मग हळूहळू बाहेर आलं की रविवारी मुलगा-सून मुलांना घेऊन जातात, घराला कुलूप लावतात आणि किल्ली मावशींकडे नसते. ते परत येईपर्यंत त्या पायरीवर बसतात. उन्हाळ्यात उपासना संपते अकराला, घर उघडतं सहा-सातला. वय ७६.

घर त्यांच्याच मालकांनी बांधलेलं, मिशनच्या शाळेत शिपाई होते, रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून. ते गेल्यावर २०२१ मध्ये मावशींनी घर मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. आपल्याकडे राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये, त्यामुळे सगळे म्हणतात करून टाका, नंतरची कटकट नको. करून टाकलं. वर्षभरात पुढच्या खोलीतली त्यांची कॉट मागच्या पॅसेजमध्ये गेली.

आणि मी हे थोडंफार बघत होते, हे इथं लिहिलंच पाहिजे. दोन वर्षं बघत होते की त्या वाळत चालल्यात, बीपीची गोळी कधी असते कधी नसते, पॅसेजमधली कॉट तर मी नाताळात कॅरल्सला गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिली होती. मुलगा क्वायरमध्ये, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या गटात, स्वभावानं गोड, मंडळीच्या कामाला पुढे. त्यामुळे मनात विचार यायचा आणि मी तो बाजूला सारायचे, त्यांच्या घरातलं आहे म्हणून.

त्या आठवड्यात मला बायबलमधलं नीतिसूत्रे ३१ आठवत राहिलं. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघड, गोरगरिबांचा न्याय कर, ते आठवं-नववं वचन. आपण त्या अध्यायातली सद्गुणी स्त्री तेवढी लक्षात ठेवतो, लग्नात वाचतो. पण पहिल्या ओळीत लिहिलंय की लमुएल राजाला त्याच्या आईनं हे शिकवलं. म्हणजे एक आई आपल्या मुलाला सांगतेय की बाबा, तुझ्या हातात सत्ता आहे, तर ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांचं तू ऐक. हे माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

बुधवारी १२ तारखेला मी मावशींना भेटले, प्रार्थना केली, सगळं ऐकलं. शेवटी त्यांनी माझा हात धरून सांगितलं, त्याला काही बोलू नकोस. मी हो म्हटलं. आणि १६ तारखेला मंडळीच्या कमिटीतल्या एका मेंबरला घेऊन मी त्याच्या घरी गेलेच. मत्तय १८ मध्ये लिहिलंय ना, आधी एकट्यानं जाऊन सांग, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग, तेच करतोय असं मला वाटत होतं. तो नीट बोलला, चहा दिला, आईचं वय झालंय हो, काहीतरी सांगत असते, असं म्हणाला. आम्ही प्रार्थना करून परत आलो. दुसऱ्या दिवसापासून मावशींचा फोन बंद. पुढच्या रविवारी, २३ तारखेला, त्या उपासनेला आल्याच नाहीत. नंतर कळलं की त्याने फोन काढून घेतला होता आणि दोन दिवस घरात कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगते, कळकळीने सांगते. ज्याच्या हातात कुलूप-किल्ली आहे त्याच्याकडे आधी जाऊ नका. आधी त्या माणसाला विचारा तुम्हाला काय हवंय, आज रात्री तुम्ही कुठे सुरक्षित राहाल, कोणाकडे जाता येईल, आणि ती सोय झाल्याशिवाय तोंड उघडू नका. मत्तय १८ मध्ये ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याने जाऊन सांगायचंय, दोघं बरोबरीचे भाऊ आहेत असं धरून. इथं एक जण दुसऱ्याच्या घासावर जगत होता. मी ते वचन घाईनं लावलं आणि त्याची किंमत मावशींनी भरली. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण मला अजून ते लागतं.

२४ तारखेला भगिनी मंडळातल्या दोघी आणि मी दुपारी गेलो, सून एकटीच घरी होती, तिला सांगितलं की मावशींना भाचीकडे चार दिवस नेतोय. ती काही बोलली नाही, उलट मावशींची पिशवी तिनेच भरून दिली, औषधाच्या चिठ्ठ्या शोधून दिल्या. तिच्याबद्दल मी मनात बरंच काही धरून होते ते तिथेच गळून पडलं. भाची तालुक्यातच दुसऱ्या गावी राहते, तिचं घर दोन खोल्यांचं, पण तिने एकदाही किती दिवस असं विचारलं नाही.

२६ तारखेला १४५६७ ला फोन केला. ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन आहे, एल्डर लाइन म्हणतात, फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मावशींशी स्वतः बोलल्या, मग मला समजावलं की २००७ चा कायदा आहे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. तहसीलदाराकडे नाही, कोर्टात नाही, प्रांत ऑफिसात. उपविभागीय अधिकारीच तिथे न्यायाधिकरण म्हणून बसतात. कायद्यात चार गोष्टी मला कामाच्या वाटल्या. वय ६० पूर्ण पाहिजे (पण स्वतःच्या मुलांकडून निर्वाह मागायचा असेल तर आई-बापाला वयाची अट नाही). अर्ज स्वतः करायचा, आणि माणूस असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. निर्वाहाची रक्कम जास्तीत जास्त महिन्याला १०,००० पर्यंत. आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फारच अडचण असली तर आणखी ३० दिवस.

वकील लागत नाही. कलम १७ मध्ये तर वकिलाने बाजू मांडायची नाही असंच लिहिलंय. हे ऐकून मावशींच्या जिवात जीव आला, कारण त्यांना वकिलाच्या फीची धास्ती होती.

बक्षीसपत्राची प्रत घरात मुलाकडे. मग २८ तारखेला दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात नकलेसाठी अर्ज केला. दस्त क्रमांक माहीत नव्हता, नाव आणि साल सांगून सूची क्रमांक २ मधून, म्हणजे तिथल्या दस्तांच्या यादीतून, शोधून काढला, त्यात अर्धा दिवस गेला. ५ मार्चला नक्कल मिळाली. मी तिथल्याच बाकावर बसून मावशींना वाचून दाखवायला लागले, आणि तिसऱ्या पानावर एक ओळ सापडली, की बक्षीस घेणार यांनी बक्षीस देणार यांचा तहहयात सांभाळ करावयाचा आहे. मावशी म्हणाल्या, हे मी सांगितलेलं का? टायपिस्टने विचारलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं, एवढंच त्यांना आठवत होतं. ती एक ओळ फार मोठी आहे. कलम २३ असं आहे की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर ते हस्तांतर रद्द ठरवता येतं. अशी अट असायलाच पाहिजे यावर सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा निकाल आहे, आणि जानेवारी २०२५ च्या एका निकालात कोर्टाने सांगितलं की हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे तर त्याचा अर्थ उदारपणे लावा. तर कोणाचं बक्षीसपत्र व्हायचं असेल तर ही ओळ टाकून घ्या, आणि झालेलं असेल तर नक्कल काढून आधी वाचा.

माझं डोकं तिथून धावायला लागलं. घर परत मिळवायचं. त्या रात्री मी अर्ज लिहिला, साडेचार पानी, छळ, फसवणूक, कृतघ्न मुलगा, सगळं. सकाळी भाचीकडे जाऊन वाचून दाखवला. मावशी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, हे तुझं आहे गं. माझं नाही.

मग माझं काय ते सांगा म्हटलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, घर त्याचंच राहू दे, नातवंडं आहेत. मला माझी कॉट पुढच्या खोलीत पाहिजे. घराची किल्ली पाहिजे. औषधाला पैसे मागावे लागू नयेत. आणि उपासनेला जाताना कोणी अडवू नये.

चार वाक्यं. मी साडेचार पानं लिहिली होती आणि त्यात यातलं एकही नव्हतं. कोणासाठी तोंड उघडायचं म्हणजे त्याचं तोंड बंद करून आपलं चालवायचं नाही, हे मला त्या सकाळी समजलं. नवा अर्ज दीड पानाचा झाला, त्यांच्याच शब्दांत, आणि कलम २३ बद्दल फक्त एवढं की अटीचं पालन झालं नाही तर तो हक्क राखून ठेवते.

मधे मंडळीत काय चाललं होतं तेही सांगायला पाहिजे, कारण माझ्यासारख्या कोणाला कायद्यापेक्षा तेच जड जाईल. २ मार्चला कमिटीची मीटिंग झाली. एका वडीलधाऱ्या मेंबरने करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ६ उघडला. भाऊ भावावर जगाच्या न्यायालयात फिर्याद करतो ही लाज आहे, त्यापेक्षा अन्याय सोसा, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. मंडळीचं नाव खराब होईल, बाहेरचे काय म्हणतील. मला त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण मी घरी येऊन तो अध्याय चार-पाच वेळा वाचला. पौल तिथं असंही विचारतो की तुमच्यात भावा-भावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस नाही का? आणि आठव्या वचनात म्हणतो, तुम्हीच अन्याय करता, तोही भावांवर. म्हणजे आधी मंडळीने निवाडा करायला हवा होता. आम्ही दोन वर्षं केला नव्हता. आणि सोसा हे ज्याचं त्याने स्वतःच्या बाबतीत ठरवायचं, पोट भरलेल्या माणसाने पायरीवर बसलेल्या बाईला सांगायचं नाही. पौलाने स्वतः रोमी सुभेदार फेस्तापुढे कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली, ते प्रेषितांची कृत्ये २५ मध्ये आहे. आणि लूक १८ मधली विधवा कोणाकडे जाते? देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडे. येशूने तिला नावं ठेवली नाहीत, तिचं उदाहरण दिलं.

हे सगळं मी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं. म्हणाले, मला मार्क ७ आठवतंय. तिथं येशू अशा लोकांना बोलतो जे आई-बापाला म्हणायचे, तुला जे माझ्याकडून मिळायचं ते कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण. दान देवाच्या नावानं आणि आई उपाशी. पाळकसाहेब म्हणाले, तो दर महिन्याला दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देतो, पावती माझ्या सहीची असते. बराच वेळ ते गप्प बसले. मग त्यांनी मला मंडळीच्या लेटरहेडवर एक पत्र दिलं की मावशींना आम्ही इतकी वर्षं ओळखतो आणि त्या सध्या भाचीकडे राहतात. दोन ओळींचं पत्र, पण ते देताना त्यांचा हात कापत होता हे मी पाहिलं. त्यांच्याविरुद्ध मंडळीत बोलणारे होतेच.

१० मार्चला अर्ज दिला. एसटीने गेलो, मावशींना ७५ वर्षांवरचं फुकट, मला महिला सन्मानचं अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचा खर्च मोठा नव्हता. सगळ्याचे तीन सेट नेले होते: अर्ज, आधार, बक्षीसपत्राची नक्कल, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, बँक पासबुक, घरपट्टीची जुनी पावती, मंडळीचं पत्र. तीन सेट न्याच, एक त्यांना, एक समोरच्या पार्टीच्या नोटिशीबरोबर जायला, एक आपल्याला. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्या अर्जावर फी काही घेतली नाही. टायपिंग ३००, प्रतिज्ञापत्राचे २००, झेरॉक्स १८०, नकलेचे मिळून ३५० च्या आसपास. सगळं धरून शेवटपर्यंत अडीच हजाराच्या आत झालं, त्यातला मोठा भाग रिक्षाचा, कारण स्टँडपासून ऑफिसपर्यंत मावशींना चालवत नव्हतं.

क्लार्क म्हणाले नोटीस जाईल, वाट बघा. नोटीस तलाठ्यामार्फत २६ मार्चला बजावली गेली. ती बजावल्याची तारीख लिहून ठेवा, ९० दिवस तिथून मोजतात, अर्जाच्या तारखेपासून नाही. मी रोज फोन करत नव्हते, आठवड्यातून एकदा, सोमवारी साडेदहाला. त्या क्लार्कना नंतर मावशींचं नाव पाठ झालं होतं.

पहिली तारीख ८ एप्रिल. मुलगा आला नाही. दुसरी २२ एप्रिल.

मधे गुड फ्रायडे आला, १८ तारखेला. आमच्याकडे तीन तासांची उपासना असते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तिसऱ्या उद्गारात येशू आईला आपला शिष्य योहान याच्या हवाली करतो. श्वास घ्यायला त्रास होतोय अशा वेळी त्याला आईच्या राहण्याची काळजी आहे. मावशी भाचीबरोबर मागच्या बाकावर होत्या, मुलगा पुढे क्वायरमध्ये. बोलणाऱ्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं, तो आपला वचनावर बोलत होता, की त्या तासापासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. मी मान वर केली नाही. कोणीच केली नसावी.

२२ तारखेला सकाळी दहापासून बसलो. साहेब दौऱ्यावर गेले होते. चार वाजता सांगितलं पुढची तारीख ६ मे. अशा दिवसासाठी सांगते, पाणी, बिस्किट, औषधाचा डबा आणि बसायला एखादी छोटी उशी न्या, ते बाक फार कडक असतात. आणि शक्य तर तिसरं माणूस बरोबर ठेवा, म्हणजे एकाला जेवायला जाता येतं, नाव पुकारलं तर चुकत नाही. भगिनी मंडळाने पाळी लावून घेतली होती. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटपात विधवांची उपेक्षा होते म्हणून कुरकुर झाली तेव्हा सात माणसं नेमली, ते मला त्या बाकावर बसून नव्यानं कळलं. उपदेशानं ती अडचण सुटली नाही, माणसं नेमल्यावर सुटली.

६ मेला तो आला, बरोबर वकील. साहेबांनी वकिलांना बसू दिलं पण म्हणाले, आईचा प्रश्न आहे, तुम्ही स्वतः बोला. तो म्हणाला, आई स्वतःहून गेली, हे मंडळीतले लोक भडकवतात. साहेबांनी मला काही विचारायच्या आत मावशींकडे वळून विचारलं, आजी, तुमचं काय म्हणणं? मावशींना उजव्या कानाने ऐकू येत नाही, मी डाव्या बाजूला बसले होते, मी प्रश्न कानात सांगितला. मला वाटलं त्या रडतील. त्या उठून उभ्या राहिल्या, टेबलाला धरून, आणि ती चार वाक्यं म्हणाल्या. कॉट, किल्ली, औषध, उपासना. बसल्या. मुलगा खाली बघत होता.

ते सगळं रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, लिहिलं गेलं. सही करायच्या आधी मी मावशींना वाचून दाखवलं, कोणीही सही करायच्या आधी वाचून घ्या, घाई असली तरी थांबतात ते. मग प्रकरण समेट अधिकाऱ्यांकडे पाठवलं, त्यांना एक महिन्यात अहवाल द्यायचा असतो. २० मे आणि ३ जून अशा दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत त्याने महिना २,००० देतो आणि आईने भाचीकडेच राहावं असं सांगितलं. इथे मला खरंच वाटलं होतं की घ्यावं. मेचं ऊन, मावशी थकलेल्या, भाचीच्या घरची ओढाताण मला दिसत होती. मी तसं म्हटलंही. मावशी म्हणाल्या, पोरी, तू दमलीयस तर बस घरी, मी भाचीला घेऊन जाते. रागावून नाही, काळजीनं म्हणाल्या. मी पुढच्या बैठकीला गेले. समेट झाला नाही.

पंडिता रमाबाईंबद्दल लहानपणापासून ऐकत आलोय, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी विधवांना आणि मुलींना आणलं, केडगावचं मुक्ती मिशन कसं उभं राहिलं. पण त्याच रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर कमिशनसमोर साक्ष दिली होती, सरकारी कमिटीपुढे बसून स्त्रियांना शिक्षिका पाहिजेत, डॉक्टर पाहिजेत असं सांगितलं होतं, हे मला मोठेपणी कळलं. आश्रय देणं आणि अधिकाऱ्यापुढे जाऊन बोलणं, दोन्ही त्यांनी केलं. आम्ही मंडळीत पहिलंच शिकवतो. धान्याचं किट, नाताळची साडी. ते पाहिजेच, मी स्वतः वाटलेत. पण मावशींना तीन वर्षं नाताळची साडी मिळत होती आणि त्या पॅसेजमध्ये झोपत होत्या.

१७ जूनला शेवटची सुनावणी, २० जूनचा आदेश, प्रमाणित प्रत २७ ला हातात आली. महिना ५,००० रुपये दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आईच्या खात्यात, पुढच्या खोलीत राहू द्यायचं, ये-जा करायला अडवायचं नाही, घराची किल्ली द्यायची. आम्ही ८,००० मागितले होते. मावशींनी आकडा ऐकून फक्त विचारलं, किल्ली लिहिलीय का? लिहिलीय म्हटलं. कुठं, दाखव. मी बोट ठेवलं त्या ओळीवर, त्यांनीही ठेवलं.

आदेशावर समाधान नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अपील न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांत अपील करता येतं. आम्ही केलं नाही. आणि पैसे आले नाहीत तर थांबून राहू नका, रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नंतर वॉरंट निघत नाही. ५ जुलैला आमचे पैसे आले नाहीत. १० तारखेला ऑफिसात अर्ज दिला, १९ ला जमा झाले. ऑगस्टचे वेळेवर आले.

६ जुलै, रविवार, उपासनेनंतर आम्ही तिघी मावशींना घरी सोडायला गेलो. पाळकसाहेबही आले. मुलाने दार उघडलं. कॉट पुढच्या खोलीत आणून ठेवलेली होती, सुनेने चादर बदलली होती. त्याने किल्ली टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. मावशींनी उचलली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मुलाच्या नावानेही केली, आणि तो शेवटी आमेन म्हणाला की नाही ते मला ऐकू आलं नाही.

अजून तो आईशी कामापुरतंच बोलतो. क्वायर त्याने सोडलेली नाही, पाळकसाहेब दर पंधरा दिवसांनी त्याला एकट्याला भेटतात, त्यांच्यात काय होतं मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. कमिटीतले ते वडीलधारे मेंबर माझ्याशी जय ख्रिस्त करत नाहीत. मला वाईट वाटतं, त्यांनीच मला लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवलं. भगिनी मंडळाने मात्र एक ठरवलंय, की ७० च्या पुढच्या प्रत्येकीकडे महिन्यातून एकदा दोघींनी जायचं, आणि घरात बसून चहा घेऊन यायचं नाही, तिच्याशी एकटीशी दहा मिनिटं बोलून यायचं.

मावशी किल्ली नाडीत ओवून गळ्यात घालतात. १७ ऑगस्टला उपासना संपल्यावर मी त्यांना घ्यायला गेले तर त्यांच्या बाकापाशी दुसऱ्या एक बाई उभ्या होत्या, मावशींपेक्षा थोड्या लहान असतील, पदर तोंडाला लावलेला. मी लांबच थांबले. मावशी सरकल्या, बाकावर जागा केली आणि त्यांना म्हणाल्या, इकडं बस, डाव्या बाजूला, त्या कानानं ऐकू येतं मला.